मोजून सोडलेलं पाणी

हरिगोलात पाय टाकताना नावाडी एकच शब्द दोनदा म्हणतो : अल्लाडबेडी, अल्लाडबेडी. हलू नका. कन्नड येत नसलं तरी अर्थ लगेच पोचतो, कारण तोवर आपला पाय टोपलीच्या तळाला लागलेला असतो आणि तळ आपल्या वजनानं दबून पुन्हा वर आलेला असतो. लाकडी होडीत पायाखाली फळी असते. इथं बांबूच्या कामट्यांची वीण, तिच्याखाली डांबर फासलेला प्लॅस्टिकचा कागद आणि त्याखाली थेट कावेरी. कडेकडेनं गोल बसायचं, समोरासमोरची वजनं जुळवायची. आमच्या खेपेला माझ्यासमोर एका कॉलेजकुमाराला बसवलं. मग नावाड्यानं माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि त्याच्या शेजारी आणखी एकाला बसवलं. हात कडेबाहेर सोडायचे नाहीत, हीही सूचना. या पट्ट्यात मगरी आहेत.

ही जागा भीमेश्वरी, बंगळूरपासून साधारण शंभर किलोमीटरवर. शनिवारी पहाटे चार-साडेचारला शहरातल्या चौकाचौकांत टेम्पो ट्रॅव्हलर उभ्या दिसतात, त्यांतल्या बऱ्याचशा पाण्याकडे निघालेल्या असतात. कुणी संगम-मेकेदाटूला, कुणी शिवनसमुद्रच्या धबधब्यांकडे. पल्ला लांबचा असेल तर शुक्रवारी रात्रीच दांडेलीला किंवा मुरुडेश्वरला. जमैका किंवा सेंट लुशियासारख्या कॅरिबियन बेटावर पाण्यातली सहल म्हणजे दाराबाहेर टाकलेलं पाऊल. बंगळूर मात्र समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंच, दख्खनच्या पाठीवर बसलेलं शहर. समुद्र पूर्वेला गाठा की पश्चिमेला, तीनशेच्या वर किलोमीटर मोडतात. मोठी नदी एकही नाही. त्यामुळे इथल्या माणसाला पाण्यात भिजायचं म्हटलं तरी गाडी ठरवावी लागते. आणि ज्या पाण्यावर तो खेळायला जातो ते कुठून येतं, कोण सोडतं, किती सोडतं, हे शोधायला लागलं की सहलींचा नकाशा आणि धरणांचा नकाशा एकमेकांवर जवळजवळ तंतोतंत बसतात. तो जोडनकाशा आपल्याला पाहायचा आहे. पण आधी टोपली.

हरिगोल हा कन्नड शब्द. कावेरी तमिळ मुलखात उतरली की त्यालाच परिसल म्हणतात. व्यास दोन मीटरच्या आसपास. नाळ नाही, सुकाणू नाही, तळाला कणा नाही, पुढचं-मागचं असं काहीच नाही. आपल्या ओळखीची लांबट होडी पाणी कापत सरळ जाते, कारण तिला पुढं सरकणं सोपं आणि आडवं सरकणं अवघड असतं. गोल टोपलीला सगळ्याच दिशा सारख्या. मध्यापासून जरा बाजूला वल्हं मारलं की ती पुढं जाण्याऐवजी स्वतःभोवती फिरायला लागते. म्हणून मुरलेला नावाडी वल्हं मागं मारत नाही. पुढच्या कडेवर बसून तो पाणी आपल्याकडं ओढतो, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, आणि टोपली त्या ओढीमागं शहाण्या वासरासारखी जाते. पर्यटकांना मजा हवी असली की तो एकाच बाजूनं ओढतो. मग गरगर.

अशी गैरसोयीची होडी माणसानं टिकवली कशाला, तर ती खडकाळ नदीत गैरसोयीची नाही म्हणून. तळ जेमतेम वीतभर बुडतो, त्यामुळे जिथं लांब होडी घासली असती तिथून टोपली तरंगत निघते. खडकावर आपटली तर बांबू लवतो आणि ती परत उसळते. धबधबा आडवा आला तर नावाडी ती पाठीवर उलटी घालून काठाकाठानं चालायला लागतो. लांबून पाहिलं तर एखादं कासव दोन पायांवर उभं राहिलंय असं वाटतं. प्रवाहाबरोबर खाली जायचं आणि परतताना होडीनंच आपल्यावर बसायचं, असा हा व्यवहार.

तो फार जुना आहे. साधारण १५२० मध्ये विजयनगरला आलेल्या दोमिंगो पाएश या पोर्तुगीज प्रवाशानं आनेगुंदीपाशी तुंगभद्रा ओलांडण्याचं वर्णन लिहून ठेवलंय : टोपल्यांसारख्या गोल होड्या, आतून वेत आणि बाहेरून कातडं, एकेकीत पंधरा-वीस माणसं, गरज पडली तर घोडे आणि बैलसुद्धा. त्या सरळ जात नाहीत, सारख्या फिरत राहतात, हे त्याच्याही ध्यानात आलं होतं. पाचशे वर्षांत बदललं ते एवढंच की कातड्याच्या जागी प्लॅस्टिक आलं आणि बैलांच्या जागी आपण.

मराठी वाचकाला या टोपलीशी आपलं जुनं वैर आहे हे ठाऊक असायला हवं. १८०० साली आर्थर वेलस्ली हा पुढं वॉटर्लूमुळे जगाला माहीत झालेला सेनापती श्रीरंगपट्टणाहून धोंडजी वाघ या बंडखोराच्या मागावर निघाला. पावसाळा होता, उत्तर कर्नाटकातल्या नद्या फुगलेल्या. या मोहिमेत त्याला टोपलीच्या होड्यांचं मोल कळलं. १० सप्टेंबरला कोनगलच्या लढाईत धोंडजी मारला गेला. तीन वर्षांनी शिंदे-भोसल्यांशी युद्ध करताना वेलस्लीनं हाच धडा वापरला. आपल्याकडची पद्धत म्हणजे दसऱ्याला सीमोल्लंघन, पावसाळ्यात नद्यांना उतार नसतो म्हणून फौजा घरी. वेलस्लीचं गणित नेमकं उलटं होतं : घोडदळाला उतार मिळणार नाही तेव्हाच आपण होड्यांतून पलीकडे जायचं. ऑगस्ट १८०३ मध्ये अहमदनगर घेतल्यावर त्याची फौज भरलेली गोदावरी ओलांडून गेली ती जंगलातल्या काठ्या-कामट्या विणून, वर बैलाचं कातडं चढवून केलेल्या टोपल्यांतून. महिन्याभरात असईची लढाई झाली. इतिहासाच्या पुस्तकांत कवायती पायदळ आणि तोफखाना यांना बरीच पानं मिळतात. टोपलीला कुणी पान दिलेलं माझ्या पाहण्यात नाही.

कामाची होडी सहलीची होते, ही गोष्ट काही कावेरीचीच नाही. जमैकाच्या रिओ ग्रांदे नदीवर बांबूचे लांब तराफे चालतात. मळ्यांतली केळी बंदरावर पोचवण्यासाठी ते होते. हॉलिवूडचा नट एरॉल फ्लिन तिथं राहायला गेला आणि त्यानं मित्रांना त्या तराफ्यांवरून हिंडवायला, शर्यती लावायला सुरुवात केली. आज तो बेटावरचा ठरलेला कार्यक्रम आहे. कावेरीला असा कुणी नट भेटला नाही. तिला भेटले ते गळ घेऊन आलेले लोक, त्यांच्याकडे आपण वळूच.

आता टोपलीखालचं पाणी.

भीमेश्वरीच्या पुढं संगम, मेकेदाटू, आणि त्यानंतर कावेरी कर्नाटक-तमिळनाडूच्या सीमेवरून वाहत होगेनकलच्या धबधब्याकडे जाते. या वाटेवर बिळिगुंडलु नावाचं एक ठिकाण आहे. पर्यटकाला तिथं पाहण्यासारखं काही नाही, पण दोन राज्यांचं लक्ष तिथल्या मापाकडे लागलेलं असतं. केंद्रीय जल आयोगाचं प्रवाह मोजण्याचं केंद्र तिथं आहे आणि कर्नाटकानं तमिळनाडूला किती पाणी दिलं याचा हिशोब तिथं मांडला जातो. १६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं हा आकडा वर्षाला १७७.२५ टीएमसी ठरवला. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, सुमारे २,८३० कोटी लिटर. २००७ च्या लवादानं तो १९२ ठेवला होता. न्यायालयानं पावणेपंधरा कमी केले आणि त्यातले पावणेपाच बंगळूरच्या पिण्यासाठी धरले.

म्हणजे उन्हाळ्यात होगेनकलला टोपलीत बसून जी नदी आपण ‘रानातली’ म्हणून पाहतो, ती कृष्णराजसागर आणि कबिनी या धरणांचे दरवाजे कुणीतरी फिरवले म्हणून तिथं असते, आणि ते का फिरवले याला कोर्टाचा कागद असतो. पावसाळ्यात उलट. धरणं भरून सांडायला लागली की बिळिगुंडलुचा आकडा चढतो आणि होगेनकलला परिसल बंद. काठावर टोपल्या उलट्या घालून ठेवलेल्या दिसतात.

त्या निकालात बंगळूरच्या भूगोलाचाही एक मुद्दा होता. शहर पाणलोटाच्या कण्यावर बसलंय. पश्चिम अंगावर पडलेला पाऊस वृषभावती आणि अर्कावतीतून कावेरीकडे जातो, पूर्व अंगावरचा दक्षिण पिनाकिनीत उतरून पेन्नैयार या नावानं तमिळनाडूत जातो. लवादानं म्हटलं होतं की बंगळूरचा एक तृतीयांश भागच कावेरीच्या खोऱ्यात येतो, तेव्हा पाण्याचा हक्क तेवढ्यापुरताच. न्यायालयानं ते बाजूला सारलं. तहानलेल्या शहराचे खोऱ्याप्रमाणे तुकडे पाडता येत नाहीत, असा एकूण सूर. एखादं अपार्टमेंट असं असेल की पुढच्या पागोळ्या एका नदीच्या वाटेनं आणि मागच्या दुसऱ्या नदीच्या वाटेनं जातात. पण प्यायचं पाणी दोन्हीकडे एकच.

ते येतं कसं? शहरापासून शंभर किलोमीटरवर, शिवनसमुद्रच्या वरच्या अंगाला कावेरी अडवून पाणी तोरेकाडनहळ्ळीला आणतात आणि तिथून तीन टप्प्यांत पाचशे मीटरच्या वर चढवतात. मुंबईला वैतरण्याचं पाणी बहुतेक उतारानंच मिळतं. बंगळूरचा प्रत्येक हंडा विजेनं डोंगर चढून आलेला असतो. या योजनेचा पहिला टप्पा १९७४ चा. पाचवा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला, रोज ७७.५ कोटी लिटरचा. आधीचं धरून योजनेची क्षमता रोज दोनशे कोटी लिटरच्या पुढं गेली. गंमत अशी की शहराला पहिली वीजसुद्धा याच नदीनं दिलेली. शिवनसमुद्रचं वीजघर १९०२ पासून कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज देऊ लागलं आणि १९०५ मध्ये बंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले. धबधबा पाहायला गेलेल्यांनी लक्षात ठेवावं, आपल्यासमोर कोसळतंय ते वीजघराची गरज भागून उरलेलं पाणी. भर पावसाळ्यात ते भरपूर उरतं. मार्चमध्ये गेलात तर खडक पाहून या.

नदीवर माणसाचा हात फिरलाय ही तक्रार मात्र सरसकट करता येत नाही. श्रीरंगपट्टणाजवळ रंगनतिट्टूला होडीतून पक्षी दाखवतात. चित्रबलाक, चमचे, झाडांवर लगडलेली घरटी, खडकावर तोंड उघडून पडलेल्या मगरी. ती बेटं सतराव्या शतकात कावेरीवर घातलेल्या बंधाऱ्यामुळे तयार झाली. सालिम अलींनी ती पाहिली, म्हैसूरच्या महाराजांना गळ घातली आणि १९४० मध्ये अभयारण्य झालं. बंधारा नसता तर बेटं नसती, बेटं नसती तर घरटी नसती.

आता गळवाले. कावेरीच्या या पट्ट्याची कीर्ती जगभर गेली ती एका माशामुळे. महसीर, त्यातही पाठीला कुबड आणि परांना केशरी झाक असलेला कावेरीचा खास महसीर. १९४६ मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कुटुंबातल्या एकानं कबिनीत १२० पौंडांचा महसीर गळाला लावला. हे व्हॅन इंगेन म्हणजे राजेरजवाड्यांनी मारलेले वाघ भुसा भरून देणारे नामांकित कारागीर. त्यानंतर हा मासा जवळजवळ विस्मरणात गेला. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तीन इंग्रज तरुण जग हिंडत इथं आले आणि मोठे महसीर अजून आहेत हे त्यांनी बाहेर सांगितलं. मग शिबिरं उभी राहिली : सरकारच्या जंगल लॉजेसचं भीमेश्वरी, गालिबोरे, दोड्डमक्कळी. नदीत सुरुंगाची दारू टाकून मासे मारणारे काठच्या गावांतले लोकच वाटाडे झाले. नियम एकच, पकडायचा, वजन करायचं, परत सोडायचा. आमिष काय, तर नाचणीच्या पिठाचे उकडलेले घट्ट गोळे. काठावर माणसंही तेच खातात, रागीमुद्दे. माशाचा गोळा जरा लहान, एवढाच फरक.

या पकडा-सोडाच्या वह्या होत्या. कुणी किती तास गळ टाकून बसला, काय मिळालं, वजन किती. गालिबोरेच्या १९९८ ते २०१२ या वर्षांतल्या नोंदी पुढं एड्रियन पिंडर आणि सहकाऱ्यांनी शास्त्रीय कामाला लावल्या. सुमारे २३ हजार ६०० तासांची मासेमारी, सहा हजारांवर महसीर. वरवर पाहता सगळं छान होतं, मासे वाढत होते. पण वाढत होता तो निळ्या परांचा महसीर. कुबडवाल्या कावेरीकराची संख्या वर्षागणिक घसरत होती आणि त्याचं सरासरी वजन वाढत होतं. वजन वाढतंय हे कानाला बरं वाटतं, पण त्याचा अर्थ लहान मासे येतच नाहीत, उरलेले म्हातारे तेवढे गळाला लागतात. ज्या गावात फक्त आजी-आजोबा भेटतात तिथली शाळा बंद पडलेली असते, तसं.

आणि हा निळ्या परांचा मासा आला कुठून? लोणावळ्याहून. त्याचं शास्त्रीय नाव टॉर खुद्री. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३९ मध्ये त्याचं वर्णन केलं ते पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. हा अस्सल आपल्या कृष्णा खोऱ्याचा रहिवासी. धरणांनी त्याची संख्या रोडावली तेव्हा टाटांच्या वीज कंपनीनं सत्तरच्या दशकात लोणावळ्याला त्याची पैदास सुरू केली. हेतू चांगला, काम चोख. अंडी, पिल्लं, बोटुकली तयार करण्याचं तंत्र बसवलं आणि ती बोटुकली राज्याराज्यांना वाटली. त्यांतली काही कावेरीत गेली. महसीर तो महसीर, नदीत सोडला म्हणजे पुण्यच, असा त्या काळचा समज. हा पाहुणा तिथं रुजला, वाढला आणि घरच्यांना जागा उरली नाही. कुबडवाल्याला तर तोवर नीट शास्त्रीय नावही नव्हतं. तो टॉर रेमादेवी हे २०१८ मध्ये पक्कं झालं, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्तांच्या यादीत गेला.

हा पट्टा अभयारण्यात मोडतो, आणि अभयारण्यात गळ टाकणं म्हणजे शिकारच, या कायद्याच्या अर्थानं २०१२ च्या सुमारास शिबिरांमधली मासेमारी थांबली. कायद्याच्या भाषेत त्यात चूक काढता येत नाही. पण मला वाटतं, मासा घटतोय हे सांगणाऱ्या वह्याही त्याच दिवशी मिटल्या. गळवाले नदीवर पहाटेपासून बसलेले असत. सुरुंगाचा आवाज पहिल्यांदा त्यांच्या कानावर येई. आता त्या काठांवर झिपलाइन आणि कयाक आहेत. कयाकवाला पाण्याखाली बघत नाही.

कावेरी सोडून उत्तरेला, आपल्या बाजूला येऊ. बंगळूरची पोरं ‘राफ्टिंगला जातो’ म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा काळी नदीवर, दांडेलीजवळच्या गणेशगुडीला जातात. इथं कानावर कन्नडबरोबर कोकणी आणि मराठी पडायला लागते. राफ्टवरचा पोऱ्या ‘फॉरवर्ड, फॉरवर्ड’ असं इंग्रजीत ओरडतो आणि सोबत्याशी मराठीत बोलतो. उसळत्या पाण्याची प्रत जगभर एक ते सहा अशी मोजतात. एक म्हणजे नुसत्या लहरी, सहा म्हणजे जिवाशी गाठ. काळीच्या या पट्ट्यातली पाणउसळी दोन-तीनच्या घरातली, नवशिक्याला किंचाळायला पुरेशी. हेल्मेट, जॅकेट, पायाची बोटं राफ्टच्या फटीत अडकवून बसायचं.

आणि मग थांबायचं. कारण पाणी अजून सुटलेलं नसतं.

गणेशगुडीच्या वरच्या अंगाला सुप्याचं धरण आहे, शंभर मीटरच्या वर उंचीचं. त्याच्या पायथ्याच्या वीजघरातून पाणी सुटेल तेव्हा खालची नदी नदीसारखी वागते. जनित्र बंद तर खडक उघडे, राफ्ट काठावर. आमच्या वेळी तास-दीड तास सगळे जॅकेटं घालून चहा पीत बसलो होतो; राज्यात कुठेतरी विजेची मागणी वाढावी म्हणून इतक्या मनापासून वाट मी कधी पाहिली नव्हती. मग खडकावरची ओली रेघ वर सरकली. त्या पोऱ्यानं ती आमच्या आधी पाहिली आणि कप खाली ठेवला.

हे वाचून मुंबई-पुण्याच्या वाचकाला कोलाडची कुंडलिका आठवली असेल, तर बरोबर आठवली. तिथलं राफ्टिंग सकाळीच का असतं? भिरा आणि रावळजेच्या वीजघरांचं पाणी तेव्हा खाली येतं म्हणून. ते पाणी मुळशीचं. घाटमाथ्यावरून पूर्वेला, बंगालच्या उपसागराकडे निघालेली मुळा-निळा अडवून कोकणात उलटी पाडलेली. त्या धरणासाठी १९२१ मध्ये मावळ्यांनी सेनापती बापटांसोबत सत्याग्रह केला, ते हरले आणि गावं बुडाली. सुप्याचंही तसंच. जोयडा तालुक्याला ज्याचं नाव होतं ते सुपे गाव जलाशयाखाली गेलं आणि माणसं रामनगरला जाऊन वसली. राफ्टमधून पाण्यात पडलेल्याला पोऱ्या हसत वर ओढतो, सगळे टाळ्या वाजवतात. त्या पाण्याच्या वरच्या टोकाला एक बाजारपेठ आहे, देवळं आहेत, आणि ती उन्हाळ्यातही सहसा उघडी पडत नाहीत.

वेळापत्रक नसलेलं पाणी हवं असेल तर कोडगूच्या दक्षिण टोकाला बारापोळे नदीवर जावं लागतं. ती पश्चिमेला केरळात उतरते आणि तिथल्या उसळ्या आणखी अवघड. कोडगूतल्या उतारावर तिला आडवं मोठं धरण नाही, म्हणून तिथलं राफ्टिंग भर पावसात, जून ते सप्टेंबर. पाऊस पडला तर नदी, नाही तर दगड. जळवा फुकट.

समुद्राचं म्हणाल तर मुरुडेश्वरपासून होडीनं तासा-दीड तासावर नेत्राणी बेट आहे. वरून पाहिलं तर बदामासारखं. पाणी स्वच्छ, प्रवाळ, रंगीत मासे. पाठीवर टाकी लावून प्रशिक्षकाच्या हाताला धरून खाली उतरायचं. नौदल एकेकाळी या बेटावर नेमबाजीचा सराव करत असे. तारकर्लीला जाऊन आलेल्यांना विशेष नवल वाटणार नाही. पण रात्रभर बसमध्ये अंग आंबवून पोचलेल्या बंगळूरकराला ते कॅरिबियनच वाटतं, आणि त्यात त्याचं काही चुकतं असं मला वाटत नाही.

खुद्द शहरात पाणी नाही असं नाही. शहर वसवणाऱ्या केंपेगौडांपासून पुढं प्रत्येकानं केरे बांधल्या, म्हणजे तलाव. १६३८ नंतर शहाजीराजांच्या जहागिरीत बंगळूर होतं तेव्हा तहान या तलावांवर आणि विहिरींवरच भागायची. हलसूरच्या तलावावर मद्रास सॅपर्सचे जवान आजही होड्यांचा सराव करतात. तिकडे बेळंदूरच्या तलावावर फेस इतका साचला की तो रस्त्यावर उडू लागला, आणि जानेवारी २०१८ मध्ये त्या तलावाच्या आवारात लागलेली आग विझवायला लष्कराचे जवान आले. तलावाला आग लागते हे वाक्य मराठीत म्हणीसारखं वाटतं. तिथं ती बातमी होती.

मल्लेश्वरमला काडु मल्लेश्वराचं देऊळ आहे. शहाजीराजांचे पुत्र एकोजी यांनी १६६९ मध्ये त्याला गाव इनाम दिल्याचा शिलालेख तिथं आहे. समोर नंदीतीर्थ. नंदीच्या तोंडातून पाणी येतं, खाली पिंडीवर पडतं आणि पुढं कुंडात जातं. वृषभावतीचा उगम हाच, असं तिथले लोक सांगतात. बसवनगुडीचे लोक सांगतात, छे, आमच्या मोठ्या नंदीच्या पायाशी. दोन नंदींनी भांडावं अशी ही नदी गावाबाहेर पडेपर्यंत काळी आणि फेसाळ होते, कारण पश्चिम बंगळूरचं सांडपाणी आणि कारखान्यांची घाण तीच वाहून नेते. बैरमंगलच्या तलावातून ती अर्कावतीत पडते.

अर्कावती मूळची नंदी डोंगराकडची. १८९४ मध्ये हेसरघट्ट्याला आणि १९३३ मध्ये तिप्पगोंडनहळ्ळीला तिला शहराच्या नळांसाठी अडवलं. ते पाणी आटत गेलं, मग शहर कावेरीकडे वळलं. आता उन्हाळ्यात अर्कावतीच्या खालच्या टप्प्यात जे वाहतं, त्यातला मोठा वाटा शहरानं वापरून सोडलेल्या पाण्याचा असतो. म्हणजे तोरेकाडनहळ्ळीहून वीज जाळून वर चढवलेली कावेरीच, स्वयंपाकघरांतून आणि न्हाणीघरांतून उतरून, तिच्या मूळ घरी निघालेली. ती संगमला मिळते आणि पुढं बिळिगुंडलुच्या मापात मोजलीही जाते.

संगमहून मेकेदाटूला जाणाऱ्यांना नदी ओलांडावी लागते, पाणी कमी असेल तर चालत, नाही तर हरिगोलातून. पलीकडे गेल्यावर बस आहे, चार-पाच किलोमीटरची. मेकेदाटू म्हणजे बकरीची उडी. सगळी कावेरी तिथं खडकाच्या अरुंद घळीत शिरते. निघोजला कुकडीनं काळ्या कातळात कोरलेत तसे रांजणखळगे इथं अडीच अब्ज वर्षांच्या घरातल्या खडकात आहेत, गुळगुळीत, निसरडे, खाली भोवरे. पोहायला उतरून बुडालेल्यांची संख्या मोठी आहे आणि पाट्याही तसं सांगतात. फोटोसाठी कडेला जाणारे त्या पाटीला टेकूनच बूट काढतात. इथंच धरण बांधायचा कर्नाटकाचा प्रस्ताव आहे, सुमारे ६७ टीएमसीचा, मुख्यतः बंगळूरच्या पाण्यासाठी. तमिळनाडूचा विरोध आहे. झालं तर अभयारण्यातलं बरंच रान जलाशयाखाली जाईल.

परतल्यावर लोक सांगतात, आम्ही टोपलीतून कावेरी पार केली. मीही पहिल्यांदा तसंच सांगितलं होतं. नकाशा नीट पाहिल्यावर कळलं की संगमपाशी ओलांडायची असते ती अर्कावती. दुसऱ्या खेपेला गेलो तो एप्रिल होता. मध्यावर आल्यावर नावाड्यानं सवयीप्रमाणे वल्हं एका बाजूला धरलं आणि टोपली गरगर फिरवली. शिंतोडे उडाले. समोरची पोरं तोंड उघडून ओरडत होती. मी माझं घट्ट मिटून घेतलं.